धार काढायची ताकद: केमोच्या काळातल्या थकव्याचं एक प्रकरण

दूध संस्थेचं कार्ड मावशींच्या पिशवीत केमोच्या फाइलमध्येच खोचलेलं असायचं. निळ्या पेनाने लिहिलेल्या तारखा, सकाळचे लिटर, संध्याकाळचे लिटर, फॅट. कार्डावर नाव त्यांचंच. पहिल्या भेटीत फाइल चाळताना ते माझ्या हातात आलं आणि "हे तुमचं घरचं राहिलंय बघा" म्हणून मी परत दिलं. पुढे दोन महिने आमचं जे चुकत गेलं, त्याची सुरुवात तिथं झाली.

मी फिजिओथेरपिस्ट. कोल्हापुरात एका रुग्णालयाच्या कॅन्सर डे-केअरमध्ये काम करते. केमोबरोबर येणारे त्रास सांभाळायला आमचा छोटा गट आहे: एक सिस्टर, एक आहारतज्ज्ञ, एक वैद्यकीय समाजसेविका आणि मी. हे प्रकरण मावशींना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

मावशींचं वय ५२. गाव करवीर तालुक्यातलं, शहरापासून वडापने, म्हणजे शेअर जीपने, पाऊण तास. घरात नवरा, सासरे, मुलगा, सून, दोन नातवंडं. जाऊ शेजारच्या घरात. थोडा ऊस आणि दोन म्हशी. डाव्या स्तनाचा कर्करोग, एप्रिलमध्ये ऑपरेशन, काखेतल्या गाठीही काढलेल्या. त्यानंतर केमोची नेहमीची आखणी: डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइडचे तीन-तीन आठवड्यांनी चार डोस, मग पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला असे बारा. त्यापुढे रेडिएशन. उपचार बरं होण्यासाठीचे होते, दिवस ढकलण्यासाठीचे नव्हते. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचे काही निर्णय त्यावर ठरले.

दुसऱ्या डोसला त्या आमच्याकडे आल्या तेव्हा तक्रार एकच: "अंगात जीव न्हाई." ओकारी आटोक्यात होती, ताप नव्हता, जेवण बरं होतं. "रातभर झोपून उठलं तरी न्हाई जात बगा, ह्यो शीण येगळा हाय." कॅन्सरच्या थकव्याची यापेक्षा चांगली ओळख मला सांगता येणार नाही. वैद्यकीय भाषेत तेच लांबवून म्हणतात: केलेल्या कामाच्या मानाने कितीतरी जास्त, विश्रांतीने न जाणारा, शरीर, मन आणि डोकं तिन्हींना धरणारा आणि रोजचं जगणं अडवणारा थकवा. केमो घेणाऱ्या बहुतेकांना तो कमीजास्त होतोच. तरी तो न विचारता कुणी सांगत नाही. बायका तर नाहीच सांगत. त्यांना वाटतं हा आपला आळस आहे, किंवा उपचाराची किंमत आहे आणि ती मुकाट्याने मोजायची.

पहिला आराखडा

आम्ही छापील कागद दिला. त्या कागदात चूक एकही वाक्य नव्हतं. भरपूर पाणी प्या, प्रथिनं वाढवा, दुपारी थोडी झोप घ्या, हलका व्यायाम करा, जड कामं घरच्यांना सांगा, संसर्ग टाळा. शेवटच्या मुद्द्याखाली कुणीतरी पेनाने लिहिलं: जनावरांपासून लांब राहा. ते अक्षर आमच्यातल्याच एकाचं होतं. डॉक्सोरुबिसिनच्या डोसनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी खूप खाली जातात, तेव्हा गोठ्यातलं शेण आणि वैरणीची धूळ खरोखर धोक्याची. कारण बरोबर होतं. पण ते कधीपर्यंत, गोठ्यातल्या कुठल्या कामाला आणि त्या जागी काय, यातलं काहीच आम्ही लिहिलं नाही.

घरच्यांनी कागद मनापासून पाळला. सुनेने चूल घेतली, जावेने गोठा, मुलाने मोटारसायकलवरून किटली डेअरीला न्यायला सुरुवात केली. मावशींना सोप्यातल्या कॉटवर बसवलं आणि "तुम्ही नुसतं बसा" म्हणून सांगितलं.

थकव्याला शून्य ते दहा असा आकडा देतात. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तितका. चार किंवा त्याहून वर गेला की कारणं शोधायलाच हवीत. जूनच्या मध्यावर मावशी पाच म्हणाल्या होत्या. ऑगस्टमध्ये पॅक्लिटॅक्सेल सुरू व्हायच्या दिवशी आठ. खुर्चीवरून हात न टेकता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते मी मोजते. त्या सात वेळा उठल्या आणि मग खुर्चीचा दांडा धरून थांबल्या. अंथरुणात आडवं राहिलं की स्नायू झपाट्याने झडतात, मग तेवढंच काम जड वाटतं, म्हणून आणखी आडवं व्हावंसं वाटतं. आमच्याच कागदाने त्यांना या फेऱ्यात घातलं होतं.

तेव्हा त्या जे बोलल्या ते माझ्या वहीत तसंच आहे. "म्हस मला वळखंना झालीया. जावंच्या हाताला पान्हा सोडंना, पाय लावती. दूध निम्म्यावर आलंय. आनि मी बसून खातो."

जनावरं सांभाळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. एका हाताची सवय झालेली म्हैस दुसऱ्या हाताला दूध चोरते. दूध घटलं, दर दहा दिवसांनी येणारं बिल घटलं. घरात तेवढा एकच पैसा मावशींच्या नावावर येत होता, नातवंडांचे कपडे आणि भिशी त्यातूनच व्हायची. कुणी त्यांना टोचून बोललं नव्हतं. कुणी काही बोलत नव्हतं हेच त्यांना लागत होतं.

घरी जाऊन पाहिलं ते

ऑगस्टच्या शेवटी पाऊस उघडल्यावर समाजसेविका आणि मी गावी गेलो. गावातल्या आशाताई बरोबर होत्या. दोन तासांत जे दिसलं ते डे-केअरच्या खुर्चीवर चार महिन्यांत दिसलं नसतं.

आधी आकड्यांचं. शून्य ते दहा हे मावशींना परीक्षेतल्या मार्कांसारखं वाटायचं, आणि त्यात जास्त म्हणजे वाईट हे तर उलटंच. सासऱ्यांनी सहज विचारलं, "रुपयात किती आणं बळ हाय सांग की." मावशी क्षणात म्हणाल्या, "चार आणं. सकाळच्याला सा असतंय, दुपारनं दोन." आमच्या फॉर्मवर हे कधीच निघालं नसतं: दिवसातली वर-खाल, तीही नेमकी. तेव्हापासून आम्ही फॉर्मवरचा आकडा भरायचो, पण बोलणं आण्यांत, सोळा आण्यांचा रुपया धरून. आणे हे काही तपासून सिद्ध केलेलं माप नाही. मावशींच्या तोंडात मात्र ते बसलं, आणि ज्या मापात रुग्ण स्वतःहून बोलतो ते माप मला जवळचं.

मग पूर्ण दिवस विचारला. पहाटे चारला जाग ठरलेली, लग्न झाल्यापासूनची. चार ते साडेआठ आढ्याकडे बघत पडायचं, कारण उठलं तर सून रागावते. नऊला औषधं. अकरापासून दोनपर्यंत गुंगी. औषधांच्या डब्यात प्रेगाबालिन सापडलं, सकाळी एक, रात्री एक. ऑपरेशननंतर काखेत चमका मारायच्या म्हणून एप्रिलमध्ये सुरू झालेलं. चमका जूनमध्ये थांबल्या होत्या. गोळी तशीच चालू होती, तिच्याकडे परत कुणी पाहिलंच नव्हतं. आम्हीही नाही.

जेवण "बरं" होतं म्हणजे काय तेही कळलं. ताकद यावी म्हणून आठवड्यातून दोनदा मटण आणलं जायचं. मावशींच्या वाटीला पांढरा रस्सा, वाटीभर, प्रेमाने. फोडी पोरांच्या ताटात. रस्सा जिभेला चव देतो, पोटाला ऊब देतो, पण प्रथिनं फोडीत राहतात. केमोच्या काळात शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त, जमलं तर दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं पोटात जावीत असं आहारशास्त्र सांगतं. मावशींचं वजन ४८ किलो. दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम तरी हवीत. आहारतज्ज्ञांनी हिशेब केला तेव्हा तीसच्या आसपास निघाली. दोन म्हशींच्या घरात मावशींच्या वाट्याला दूध किती? चहापुरतं. बाकी सगळं डेअरीला.

आणखी एक गोष्ट कॉटच्या वर खिळ्याला लटकत होती: सलाईनची रिकामी बाटली. गळून गेल्यासारखं झालं की गावातला एक डॉक्टर येऊन लावून जायचा. मी घरच्यांना दोष देत नाही, आपल्याकडे अशक्तपणा आणि सलाईन ही जोडी पक्की बसलेली आहे. पण पाच टक्के ग्लुकोजच्या अर्धा लिटर बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे पाच चमचे साखर. मी सुनेला डब्यातली साखर मोजून वाटीत काढून दाखवायला सांगितलं. ती वाटी बघत बसली. म्हणाली, "एवढ्यासाठी पाचशे रुपये?" सलाईन त्या दिवसापासून बंद झाली. शिवाय नस शोधताना सुई हाताला टोचत राहायची, आणि केमोला त्याच नसा लागतात.

आधी कारणं

थकव्याचा आराखडा करायचा तर दुरुस्त होऊ शकेल ते आधी दुरुस्त करायचं. वेदना, झोप, मन, रक्त, थायरॉइड, आहार, औषधं, हृदय. मावशींचं थायरॉइड ठीक होतं. डॉक्सोरुबिसिन हृदयाला जड जाऊ शकतं, म्हणून इको करून घेतला. तोही चांगला आला, आणि त्यामुळेच पुढे चालायला सांगताना मला धीर होता. मन उदास होतं, पण नैराश्याच्या आजारापर्यंत गेलेलं नव्हतं. समाजसेविका दर पंधरा दिवसांनी त्यांच्याशी बोलत राहिल्या.

हिमोग्लोबिन ९.१. बीट, डाळिंब, खजूर यांची घरात रेलचेल होती. पण तपासणीत लोहाची खरी कमतरता निघाली, आणि केमोच्या काळात पोटातून लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून कॅन्सरतज्ज्ञांनी शिरेतून लोह दिलं. रक्त चढवण्याइतकं हिमोग्लोबिन खाली नव्हतं. रक्तपेशी वाढवणारी जी इंजेक्शनं मूत्रपिंडाच्या रुग्णांना देतात ती इथे टाळतात. बरं करण्याच्या उद्देशाने उपचार चालू असताना त्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आणि आजार बळावण्याचा धोका वाढतो. शेजाऱ्यांनी आणलेली अश्वगंधाही केमो संपेपर्यंत बाजूला ठेवायला सांगितली, कारण तिच्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. घरच्यांना हे पटायला वेळ लागला.

प्रेगाबालिन डॉक्टरांनी हळूहळू कमी करून आधी फक्त रात्री ठेवलं, मग बंद केलं. अकरा ते दोनची गुंगी आठ-दहा दिवसांत उतरली. या एका गोष्टीने मावशींना रोजचे तीन तास परत मिळाले. बारा पानी मार्गदर्शक वाचून जे मिळत नाही ते औषधांचा डबा उलटा करून मिळालं.

आणि स्टेरॉइड. पॅक्लिटॅक्सेलची ॲलर्जी येऊ नये म्हणून आधी डेक्सामेथासोन देतात. त्याने दीड-दोन दिवस खोटी तरतरी येते. मावशींची केमो सोमवारी, दुपारी दोनला. सोमवारी रात्री तीनपर्यंत डोळ्याला डोळा नाही. मंगळवारी मात्र एकदम बारा आणे! म्हणून मंगळवारी भांडी घासायची, डबे पुसायचे, धान्य निवडायचं. बुधवारी संध्याकाळपासून दोन आणे, गुरुवार पूर्ण कॉटवर. मावशींना वाटायचं केमो चौथ्या दिवशी "लागते". आठवडा कागदावर काढल्यावर सगळ्यांनाच उलगडलं. ॲलर्जी आली नाही हे पाहून कॅन्सरतज्ज्ञांनी स्टेरॉइडची मात्रा उतरवत नेली, आणि सिस्टरनी त्यांचा नंबर सकाळी लावला. सोमवारची रात्र सुधारली.

दुसरा आराखडा

या वेळी कागद कोरा घेतला आणि एकच विचारलं: मावशी, दिवसात चारच आणे आहेत तर ते कशावर खर्चायचे?

"धार," त्या म्हणाल्या. "निदान सकाळची."

सुनेने मान हलवली, मुलगा म्हणाला, "आई, नको ना." डॉक्टरांनी बंदी केली आहे हे त्यांनी आम्हालाच आठवून दिलं. मी तिथून फोन लावला. कॅन्सरतज्ज्ञ म्हणाले, डॉक्सोरुबिसिनचे दिवस गेले, आता दर आठवड्याला रक्त तपासतोच आहोत, पेशी ठीक असतील तर धार काढायला हरकत नाही, पण अटी पाळायच्या. अटी आम्ही सुनेच्या हस्ताक्षरात गोठ्याच्या दारावर लावल्या. शेणाला हात नाही. वैरण टाकून धूळ बसल्यावरच आत यायचं. हाताला चीर असेल तर धार नाही. आधी-नंतर साबण. कच्चं दूध तोंडाला लावायचं नाही. आणि मोठी म्हैस गाभण होती, ती व्याली तर वार, रेडकू काही हाताळायचं नाही, कारण त्यातून माणसाला होणारे ताप आहेत. खाली एकच ओळ मोठ्या अक्षरात: ताप १००.४ च्या वर गेला की थांबायचं नाही, रात्र असली तरी फोन आणि निघायचं.

उकिडवं बसून धार काढण्यात ताकद जाते आणि उठताना डोळ्यापुढे अंधारी येते. मुलाने वेल्डिंगवाल्याकडून बसकं स्टूल करून आणलं. दोन म्हशींतली तापट जावेकडे राहिली, शांत मावशींकडे. सकाळचीच धार, संध्याकाळची जावेची. डाव्या हाताला सूज येईल म्हणून त्या हाताने काहीच करू नये असं पूर्वी सांगायचे. हळूहळू वाढवत नेलेला भार सूज वाढवत नाही हे आता चांगलं माहीत आहे. तेव्हा आधी दोन-दोन मिनिटं, मग पाच, मग पूर्ण धार. दर सोमवारी मी टेपने दंडाचा घेर मोजत होते.

पहिल्या दिवशी मी तिथं नव्हते. सुनेने फोनवर सांगितलं: म्हशीने मान वळवून हुंगलं, पाय उचलला, परत ठेवला. मग पान्हा सोडला.

चालायचं कसं बसवायचं हा पुढचा प्रश्न. "फिरायला जा" हे रंकाळ्याच्या काठावर राहणाऱ्याला सांगायचं वाक्य आहे. गावातली बाई काम नसताना रस्त्याने फिरताना दिसली तर लोक विचारतात, कुठं चाललीस? मावशींच्या घरापासून डेअरी सात मिनिटांवर. तिथं चालत जाणं कुणालाच विचित्र वाटत नाही. सकाळ-संध्याकाळ जाऊन-येऊन २८ मिनिटं होतात. किटली आधी मुलाकडेच, त्या नुसत्या कार्ड घेऊन जायच्या. मग उजव्या हातात एक लिटर, मग दोन. कॅन्सरच्या थकव्यासाठी व्यायामाच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आठवड्याला तीनदा तीस मिनिटं, मध्यम वेगाने, किमान बारा आठवडे असं सांगितलं आहे. मध्यम वेग म्हणजे चालताना बोलता यावं पण ओवी म्हणता येऊ नये. मावशींनी ही कसोटी जावेबरोबर अगदी मन लावून वापरली.

औषध का नाही, असं मुलगा विचारायचा. टॉनिक, काहीतरी. २०१७ साली जामा ऑन्कॉलॉजी या नियतकालिकात ११३ चाचण्यांचा आणि ११ हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्र आढावा आला, त्यात व्यायाम आणि मानसिक आधाराचे उपाय हे थकव्यावरच्या औषधांपेक्षा सरस ठरले. मी त्याला हे सांगितलं. तरी त्याला पटवलं ते आजोबांनी.

सासरे तरुणपणी गंगावेशीत तालमीला होते. खांदा निखळलेला पैलवान वस्तादाने परत कसा उभा केला ते त्यांनी सोप्यात बसून सांगितलं: पहिले पंधरा दिवस नुसती माती कालवायची, मग दहा बैठका, मग वीस, आणि अंग मागत असलं तरी वस्ताद थांब म्हणाला की थांबायचं. भार हळूहळू वाढवण्याचं तत्त्व मी वर्गात शिकले, त्यांनी आखाड्यात. त्या दिवसापासून मावशींच्या कॉटवरून उठबशा मोजायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. पाचपासून सुरुवात. मावशींकडे थेट न बघता, तोंड अंगणाकडे करून ते आकडे म्हणायचे. पाच झाले की "बास!" असा दणका.

आहार सोपा होता. दोन अंडी, शेंगदाण्याची चटणी हात सैल सोडून, डाळ घट्ट, आठवड्यातल्या मटणातल्या चार फोडी मावशींच्या ताटात आधी. आणि सकाळच्या दुधातलं अर्धा लिटर डेअरीला जाण्याआधी बाजूला काढून, तापवून, त्यांच्यासाठी. बिल कमी होईल म्हणून याला सगळ्यात जास्त विरोध मावशींचाच होता. सासूबाई, दूध वाढलंय की, असं सून म्हणाली तेव्हा त्या गप्प झाल्या. दूध खरंच वाढलं होतं.

गोधड्या

सप्टेंबरअखेर आठ आण्यांपर्यंत मजल गेली आणि आम्ही निर्धास्त झालो. घटस्थापना जवळ आली. दसऱ्याच्या आधी घरातल्या गोधड्या धुवायच्या असतात. ज्यांच्या घरी धुतल्या जातात त्यांना माहीत आहे, भिजलेली गोधडी म्हणजे काय वजन असतं. आठवड्याचा तक्ता सोप्यात लावलेला होता: मंगळवार फसवा, हात आखडता, बुध-गुरू आराम आणि फक्त धार, शुक्रवार ते रविवार चांगले. मावशींनी तक्ता पाळला. शुक्रवार निवडला. सून माहेरी गेली होती. एकटीने सात गोधड्या नदीवर नेऊन आपटल्या.

सोमवारी त्या आल्या त्या मुलाच्या खांद्यावर. दोन आणे. डावा दंड पावणेदोन सेंटिमीटरने सुजलेला. कॅन्सरतज्ज्ञांनी संसर्ग नाही याची खात्री केली, त्या आठवड्याचा डोस पुढे ढकलला. मी त्यांना पट्टी बांधत होते आणि त्या रडत होत्या, दुखतंय म्हणून नव्हे. "चांगला दिस हाय तर घरचं करू नको व्हय?"

आराखड्यात चूक होती ती हीच. आम्ही वाईट दिवसांची तजवीज केली होती, चांगल्या दिवसाची मर्यादा लिहिली नव्हती. चांगल्या दिवशी साठवलेलं सगळं काम उरकायचं आणि पुढचे तीन दिवस आडवं व्हायचं, हा या थकव्यातला ठरलेला फेरा आहे. तो मला पुस्तकातून माहीत होता, तरी तक्त्यात आला नाही. नंतर आम्ही घरच्यांबरोबर बसून नियम केला: दहा आणे वाटले तर सात खर्चायचे, तीन ठेवायचे. आणि वर्षाची जी मोठी कामं असतात, गोधड्या, फराळ, सांडगे-पापड, ती आधीच नावं घालून वाटून टाकली. दिवाळीच्या फराळाला मावशी खुर्चीवर बसून चकलीचं पीठ चाखून सांगायच्या, सोऱ्या जावेच्या हातात. चाखणं हेसुद्धा काम आहे, हे त्यांनी मान्य करायला दोन दिवस घेतले.

सूज तीन आठवड्यांत उतरली. ऑक्टोबरच्या मध्यापासून बोटांना मुंग्या यायला लागल्या, ते पॅक्लिटॅक्सेलचं ठरलेलं. अंगठा दुमडून धार काढली की बोटं बधीर व्हायची. मुठीने काढायला शिकवलं, म्हणजे मी नाही, जावेने. म्हशीच्या सडालाही तेच चांगलं असं तिचं म्हणणं.

रेडिएशनचे तीन आठवडे

बारावा डोस नोव्हेंबरमध्ये संपला. त्या दिवशी थकव्याचा आकडा चार होता, अर्ध्या मिनिटात उठबशा बारा. हिमोग्लोबिन १०.८. मावशींच्या मापात नऊ आणे, दुपारी सात. पूर्ण बरं झालेलं नाही, आणि केमो संपल्यावरही हा थकवा महिनोन्‌महिने रेंगाळू शकतो हे आम्ही त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणजे डिसेंबरात तो दिसला की आजार उलटला असं वाटायला नको.

पुढे रेडिएशन, १५ दिवस, सोमवार ते शुक्रवार. रेडिएशनचा थकवा केमोसारखा उसळून उतरत नाही, तो दर आठवड्याला साचत जातो आणि शेवटी शेवटी सगळ्यात जास्त असतो. मशीनखाली जाणारा वेळ थोडाच. जीव जातो तो प्रवासात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसले, वडापचं भाडं बसत नाही, आणि मुलाची एमआयडीसीतली बुडालेली रोजीही नाही. त्यात गळीत हंगाम: सकाळी नऊनंतर कोल्हापूरच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर एकामागे एक, पाऊण तासाचा रस्ता दीड तासाचा होतो. शहरात भाचीकडे राहायचा पर्याय होता. मावशी म्हणाल्या, मग धार?

केमोला आम्ही आधी दुपारी दोनचा नंबर दिला होता, रिकामा होता म्हणून. या वेळी समाजसेविका रेडिएशन विभागात मावशींचा दिवस लिहिलेला कागद घेऊन गेल्या. पहाटे पाच, धार. सहा, डेअरी. सात, अंडी-भाकरी. साडेसात ते साडेनऊ, आराम, पण झोप अर्ध्या तासाच्या वर नाही. मग वडाप, बसायला पुढची जागा, मुलाऐवजी बचत गटातली एक बाई बरोबर, दर दिवशी वेगळी, म्हणजे कुणा एकीवर भार नको. टेक्निशियनने कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "साडेअकरा चालेल?"

साडेअकरा लिहून त्यांनी तो मावशींच्या फाइलमध्ये घातला, दूध संस्थेच्या कार्डाच्या मागे.